गावाचा पाणी-आराखडा संगणकावर मिळून कसा करायचा: नकाशा, फोन आणि एका फाइलची शिस्त

क्यूजीआयएस (संगणकावर नकाशे काढायचं सॉफ्टवेअर) शिकलेली एक-दोन मुलं आता बऱ्याच गावांत सापडतात, आणि जीपीएस असलेला फोन तर घरोघरी आहे. तरी पाणी-आराखडा फसतो, आणि दरवेळी जवळपास एकाच पद्धतीने फसतो. एक जण लॅपटॉपवर नकाशा काढतो, बाकीचे मागे उभे राहून बघतात. ग्रामसभेत पडद्यावर रंगीत नकाशा दिसतो, ठराव होतो. पावसाळा लागल्यावर कळतं की बांध जिथे दाखवला तिथून नाला वाहतच नाही, तो दोन धुरे (शेताच्या कडा) पलीकडून जातो. ज्याचं वावर तिथे आहे त्या कास्तकाराला हे आधीपासून माहीत होतं. त्याला विचारायची वेळ यायच्या आधीच नकाशा पक्का झालेला होता.

दुसरी चूक फाइलींची. चार जणांनी चार ठिकाणी केलेलं काम एकत्र करताना अर्ध्या नोंदी हरवतात, फोटो उघडत नाहीत, गट नंबरांच्या तारखा होतात. दोन्ही चुकांचं मूळ कामाच्या क्रमात आहे. म्हणून खाली लॅपटॉप चौथ्या टप्प्यावर उघडला आहे. आधीचे तीन टप्पे गाळू नका.

इथे धरलेला अंदाज असा: विदर्भातलं ५०० ते ९०० हेक्टरचं शिवार, कामाला १५ ते २५ माणसं, एक लॅपटॉप (८ जीबी रॅम असेल तर बरं, ४ जीबीवर काम होतं पण रखडत), चार अँड्रॉइड फोन, आणि कधी असणारं, कधी नसणारं नेट. लागणारी साधनं मोफत आहेत: लॅपटॉपवर क्यूजीआयएस, फोनवर क्यूफील्ड, हिशेबाला लिब्रेऑफिस कॅल्क, मिळून लिहायला इथरपॅड किंवा गुगल डॉक्स.

टप्पा १: माणसं आणि कामं

अभ्यासगट आणि ग्रामसभा वेगळ्या ठेवा. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने ही पद्धत चांगली रुजवली आहे: अभ्यासगट माहिती जमवतो, चर्चा करतो, शिकतो, निर्णय ग्रामसभा घेते. संगणकावरच्या कामाला ही विभागणी फार उपयोगी पडते, कारण अभ्यासगटात बिनधास्त चुकता येतं.

अभ्यासगटात हे लोक हवेतच: प्रत्येक नाल्याच्या काठचा निदान एक कास्तकार, गुराखी, पाणी भरणाऱ्या बाया, विहीर खोदणारा, मजुरी करणारे, आणि भूमिहीन घरांतलं कोणीतरी. गुराख्याला वगळू नका. उन्हाळ्यात कोणत्या डोहात शेवटपर्यंत पाणी टिकतं हे त्याच्याइतकं नेमकं कोणी सांगू शकत नाही.

तांत्रिक प्रत्येक कामाला दोन माणसं नेमा, एक नाही. क्यूजीआयएस येणारा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला की आराखडाही त्याच्याबरोबर जातो, हे वारंवार घडतं. मूळ फाइलचा राखणदार मात्र एकच असू द्या. मूळ फाइलमध्ये बदल करण्याचा अधिकार त्याचा. इतरांनी त्याच्याकडे बदल आणून द्यायचे.

टप्पा २: कागदावरचं शिवार

शिवारफेरी कधी काढायची? तूर निघाल्यावर आणि ऊन चढण्याआधी, म्हणजे फेब्रुवारी ते मार्चचा मध्य. त्याआधी उभ्या कपाशी-तुरीत धुरे दिसत नाहीत. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो, माणसं थकतात आणि फोन तापून बंद पडतात. धानपट्ट्यात उन्हाळी धान असेल तर त्या वावरांची फेरी वेगळी ठरवा.

फेरीला फोन नको. मोठे कागद, पेन्सिल, खोडरबर न्या. नाले, पांदणी, विहिरी, बोड्या (लहान तळी), देवस्थानं, पाणी साचण्याच्या जागा हाताने काढा. गावठाणात परतल्यावर तोच नकाशा जमिनीवर पसरून बाकीच्यांना दुरुस्त करू द्या. लॅपटॉपच्या पडद्यावर बोट ठेवून "हे चुकलं" म्हणायला लोक कचरतात, कागदावर कचरत नाहीत. हा कागद पुढे फेकायचा नाही. त्याचा फोटो काढून ठेवा, मूळ कागद गुंडाळून जपा. पडद्यावरच्या नकाशाशी वाद झाला की आधी हा कागद काढायचा.

> तपासणी: कागदावर किमान तीन जागा अशा असाव्यात ज्यांवर लोकांचं एकमत नाही. एकही मतभेद नसेल तर नकाशा एकाच माणसाने काढला आहे, फेरी पुन्हा करा.

टप्पा ३: शब्दांची यादी आणि नोंदीचा नमुना

हा टप्पा सगळ्यात जास्त गाळला जातो आणि नंतर सगळ्यात जास्त त्रास देतो.

एका टोळीने "नाला" लिहिलं, दुसरीने "नाळा", तिसरीने "ओढा", तर संगणकासाठी त्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यामुळे फिरायला निघण्याआधी यादी ठरवा आणि फोनवर ती निवडायच्या पर्यायांतच द्या, लिहायला लावू नका. यादी प्रदेशाप्रमाणे बदलते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत माजी मालगुजारी तलाव आणि बोडी हे स्वतंत्र प्रकार हवेत, त्यात गाळ किती, पाळ फुटकी की शाबूत, तुडूम (पाणी सोडायची जागा) आणि सलंग (जादा पाणी जायची वाट) कसे आहेत याच्या नोंदी हव्यात. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या त्या गावांत, प्रत्येक विहिरीपुढे "गोड / खारं / मचूळ" असा पर्याय नसेल तर आराखडाच चुकेल. तिथे पाणी जमिनीत मुरवण्यापेक्षा वरच्या वर साठवणं बहुतेक वेळा शहाणपणाचं असतं.

लिहिण्याचे चार नियम सगळ्यांना पाठ हवेत:

१. फक्त युनिकोड. कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर क्यूजीआयएसमध्ये अर्थहीन अक्षरं म्हणून दिसतो. ग्रामपंचायतीतून आलेल्या जुन्या याद्या बहुधा याच फाँटमध्ये असतात. त्या फाँट-परिवर्तकातून (कन्व्हर्टर) बदलून घ्या, आणि बदलल्यावर जोडाक्षरं डोळ्यांनी वाचून तपासा.

२. "ऱ्या" एकाच पद्धतीने. "शेतकऱ्याची विहीर" यातला "ऱ्या" संगणकात दोन वेगवेगळ्या पद्धतींनी साठवला जातो: एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र आणि मागे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण एकाचा शोध घेतला तर दुसरा सापडत नाही. सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरला की हा घोळ टळतो.

३. मोजमाप इंग्रजी आकड्यांत. देवनागरी आकडे कॅल्क आणि क्यूजीआयएस अनेकदा अक्षरं म्हणून धरतात आणि बेरीज शून्य येते. खोली, लांबी, रुंदी इंग्रजी आकड्यांत भरा.

४. गट नंबर मजकूर म्हणून. १२/२ हा गट नंबर तक्त्यात टाकला की कॅल्क किंवा एक्सेल त्याची तारीख करून टाकतं, १२ फेब्रुवारी. एकदा तारीख झाली की परत मूळ नंबर मिळेलच असं नाही. रकाना आधी "टेक्स्ट" करा, मग भरा. नंतर टेक्स्ट करून उपयोग नाही.

नमुना लहान ठेवा. एका जागेसाठी सात-आठ प्रश्नांपेक्षा जास्त झाले की उन्हात उभा माणूस शेवटचे रिकामे सोडतो.

टप्पा ४: लॅपटॉपवर पायाभूत नकाशा

आता लॅपटॉप उघडा. जितक्या संगणकांवर काम होणार त्या सगळ्यांवर क्यूजीआयएसची एकच एलटीआर (दीर्घकाळ टिकणारी, स्थिर) आवृत्ती असावी. नवीन आवृत्तीत साठवलेला प्रकल्प जुन्या आवृत्तीत उघडला की रंग, फॉर्म बिघडतात.

*अक्षप्रणाली (जागा आकड्यांत सांगायची पद्धत).* फोन अंश देतो, बांध मात्र मीटरमध्ये मोजायचा असतो. म्हणून प्रकल्प यूटीएममध्ये, म्हणजे पट्ट्यापट्ट्याने मीटरमध्ये जागा सांगणाऱ्या प्रणालीत ठेवा. विदर्भात इथे एक खास अडचण आहे: ७८ अंश रेखांशावर यूटीएमचा पट्टा बदलतो आणि ती रेघ विदर्भातूनच जाते. बुलढाणा, अकोला, वाशीम, अमरावती शहर, पुसद, दारव्हा हे पट्टा ४३ मध्ये येतात (क्यूजीआयएसमध्ये निवडायचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३). यवतमाळ शहर, वर्धा, नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली पट्टा ४४ मध्ये (ईपीएसजी ३२६४४). धामणगाव रेल्वे, तिवसा या बाजूच्या गावांनी रेखांश बघूनच ठरवावं. सीमेजवळच्या गावाने शेजारचा पट्टा घेतला तरी मोजमापात फारसा फरक पडत नाही. खरा घात होतो तो एका टोळीने एक आणि दुसरीने दुसरा घेऊन आकडे हाताने टाइप केले तर. पट्टा ४४ मधल्या गोंदियाचे आकडे पट्टा ४३ समजून टाकले की बिंदू सहा अंश पश्चिमेला, थेट नंदुरबारकडे जाऊन पडतो.

अंशांतच काम केलं तर आणखी एक फजिती ठरलेली: नाल्याभोवती ५० मीटरचा पट्टा मागितला की क्यूजीआयएस ५० अंशांचा पट्टा देतं आणि अख्खा पडदा रंगतो.

*गाव नकाशा बसवणं.* तलाठ्याकडून किंवा भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल घ्या आणि दुकानात सपाट स्कॅन करा. फोनने फोटो काढला तर कडा वाकतात. मग क्यूजीआयएसच्या जिओरेफरन्सरमध्ये (स्कॅन केलेला नकाशा खऱ्या जागेवर बसवणारं साधन) ८ ते १० खुणा जुळवा. पद्धत "पॉलिनोमियल १". तिला तीन खुणा पुरतात म्हणून लोक तीनच देतात, पण मग एखादी खूण चुकली आहे हे कळायला मार्ग राहत नाही. खुणा चारही कोपऱ्यांत आणि मधोमध पसरलेल्या हव्यात. तीन गावांच्या शिवा मिळतात तो दगड, जुनी बांधलेली विहीर, पांदणींचा फाटा या खुणा चांगल्या. नाल्याचं वळण खूण म्हणून घेऊ नका, ते सरकतं. दर खुणेपुढे चूक दिसते, जास्त चूक दाखवणारी खूण आधी तपासा, सरळ काढून टाकू नका.

> सावधान: असा बसवलेला नकाशा आराखड्यासाठी आहे. धुऱ्याच्या भांडणात तो पुरावा म्हणून कोणाच्या हाती देऊ नका. हद्द फक्त सरकारी मोजणीने ठरते, आणि हे ग्रामसभेत आधीच सांगून ठेवा.

*थर.* नाले, विहिरी अशा एकेका प्रकाराचा वेगळा थर (लेयर) असतो. प्रत्येक थर जिओपॅकेज या फाइल-प्रकारात बनवा, शेपफाइल या प्रकारात नको. शेपफाइलमध्ये रकान्याचं नाव दहा अक्षरांत कापलं जातं, आणि एक मराठी अक्षर साधारण तीन बाइट खात असल्याने २५४ बाइटच्या रकान्यात ८४च्या आसपास अक्षरंच मावतात. तिच्या चार-पाच जोडफाइली असतात, त्यांतली एक राहिली की थर उघडत नाही किंवा जागा सोडून भलतीकडे जातो. "टेम्पररी स्क्रॅच लेयर"वर काम करू नका. प्रकल्प सेव्ह केला तरी तो थर बंद करताच उडतो.

फाइलींची आणि फोल्डरांची नावं इंग्रजी अक्षरांत, मोकळी जागा न सोडता ठेवा, शेवटी तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने. म्हणजे फोल्डर उघडलं की त्या आपोआप क्रमाने लागतात. "फायनल", "नवीन फायनल" अशी नावं बंद.

आणि सेव्ह दोन वेगळे असतात. थरातले बदल वेगळे सेव्ह होतात, प्रकल्प वेगळा. कंट्रोल-एस दाबलं म्हणजे नव्याने काढलेला नाला सुरक्षित झाला असं नाही. वीज जाणार हे धरूनच चाला: दर दहा मिनिटांनी दोन्ही सेव्ह.

टप्पा ५: फोन तयार करणं

हे नेट असलेल्या ठिकाणी, फोनवर नोंदी करायच्या फेरीच्या दोन दिवस आधी.

क्यूजीआयएसमध्ये क्यूफील्डसिंक हे प्लगिन टाका आणि प्रकल्पाचं पॅकेज बनवा. तयार झालेलं फोल्डर झिप करून केबलने फोनवर न्या आणि क्यूफील्डमधूनच आयात करा. नवीन अँड्रॉइडवर फाइल मॅनेजरने अॅपच्या आतल्या फोल्डरमध्ये टाकायला गेलं तर परवानगी मिळत नाही.

प्रत्येक टोळीला एक अक्षर द्या: अ, ब, क, ड. नोंदीचा क्रमांक त्या अक्षराने सुरू होईल: अ-१, ब-१. हे न केल्यास चारही फोन १ पासून मोजायला लागतात आणि एकत्र करताना चार वेगवेगळ्या विहिरींचा क्रमांक एकच निघतो, मग एकीचा फोटो दुसरीला चिकटतो. ज्यांना जमेल त्यांनी त्याशिवाय एक लपलेला रकाना ठेवून त्याला यूयूआयडी आपोआप भरायला लावावं. तो क्रमांक कधीच दोनदा येत नाही.

> तपासणी: फोन विमान मोडवर टाका, फक्त लोकेशन चालू ठेवा, अंगणात उभं राहून एक खोटी नोंद फोटोसह करा, ती लॅपटॉपवर परत आणा. फोटो उघडला, मराठी नीट दिसलं, बिंदू अंगणातच पडला, तरच फोन शिवारात न्यायचा. अक्षांश १८ ते २२ आणि रेखांश ७५ ते ८१ यांच्या बाहेर काही दिसलं तर चूक आहे. दोन्ही आकड्यांची अदलाबदल झाली की बिंदू उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर जातो.

टप्पा ६: शिवारात नोंदी

जीपीएसला नेट लागत नाही. नेट नसताना पहिल्यांदा जागा सापडायला काही मिनिटं जातात इतकंच. मोकळ्या आभाळाखाली फोन सुमारे ५ मीटरच्या आत जागा दाखवतो, आमराईत किंवा मोहाच्या दाट झाडीत ती चूक बरीच वाढते. म्हणून विहिरीजवळ पोचल्यावर लगेच बटण दाबू नका. अर्धा-एक मिनिट थांबा, अचूकतेचा आकडा ५-६ मीटरवर येऊ द्या, मग नोंद करा. क्यूफील्डमध्ये अचूकतेची मर्यादा घालता येते, ती घाला.

टोळीत तीन माणसं: एक फोनवर, एक वहीत तीच नोंद थोडक्यात लिहिणारा, एक जागा जाणणारा. दर तासाने फोन आणि वही अदलाबदल करा. शिकणं इथे होतं. ज्याच्या हातात फोन तोच शिकतो, मागे चालणारा नाही. वय झालेल्या माणसालाही दोन नोंदी करायला लावा, पुढे नकाशावर बोलताना त्याचा आवाज वेगळा लागतो.

सकाळी साडेसहाला निघा, साडेदहाला थांबा. पॉवर बँक न्या. तापलेला फोन थंड पाण्याजवळ ठेवू नका, सावलीत मोकळ्या हवेत ठेवा.

> सावधान: फोनवर दिसणारी उंची कोणत्याही कामाला वापरू नका. तिची चूक सहज दहा-वीस मीटर असते. उपग्रहाच्या ३० मीटर चौकटीच्या उंची-नकाशावरून पाणलोटाची हद्द ढोबळमानाने कळते, पण सलग समतल चराची आखणी होत नाही. चराची रेघ जागेवरच, ए-फ्रेमने किंवा हायड्रोमार्करने (समपातळी शोधायची साधी साधनं), खुंट्या ठोकून काढा, आणि मग त्या खुंट्यांची जागा फोनवर नोंदवा. उलटं करू नका.

टप्पा ७: सगळं एकत्र करणं

त्याच संध्याकाळी करा. आठवड्याने केलं तर "ब-१४ ची खोली ४ की १४?" याचं उत्तर कोणालाच आठवत नाही.

राखणदार एक-एक फोन घेतो. फोनमधून फक्त जिओपॅकेज नाही, पूर्ण फोल्डर उचला, कारण फोटो वेगळ्या उपफोल्डरमध्ये असतात. क्यूफील्डसिंकने आत घ्या, नोंदींची संख्या वहीतल्या संख्येशी ताडा, मगच पुढचा फोन. दोन टोळ्यांनी आधीपासून असलेली एकच नोंद बदलली असेल तर शेवटी आलेला बदल टिकतो आणि आधीचा गुपचूप जातो. म्हणून टोळ्यांना शिवाराचे भाग वाटून द्या, एकाच नाल्यावर दोघांना पाठवू नका.

सर्वांत महागात पडणारी चूक: जिओपॅकेज गुगल ड्राइव्हवर ठेवून दोघांनी एकाच वेळी उघडणं. ही डॉक्ससारखी मिळून लिहायची फाइल नाही. दोघांनी लिहिलं की ड्राइव्ह दोन प्रती करतं किंवा फाइल खराब होते. तसंच क्यूजीआयएस चालू असताना ही फाइल कॉपी करू नका. ताजे बदल काही काळ शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये असतात (नावाच्या शेवटी "डब्ल्यूएएल" दिसतं), आणि मुख्य फाइल एकटी उचलली तर ते मागे राहतात. आधी क्यूजीआयएस बंद, मग कॉपी. ड्राइव्ह प्रत ठेवायला उत्तम आहे, त्यावरून थेट काम करायला नाही.

टप्पा ८: पर्याय मांडणं आणि मिळून आखणं

आता खरं काम सुरू होतं, आणि नेमकं इथेच लोक घाई करतात.

कोणताही प्रस्ताव पुसायचा नाही. "नाला खोलीकरण वरच्या अंगाला" हा एक थर, "खालच्या अंगाला सिमेंट बांध" हा दुसरा. क्यूजीआयएसमधल्या मॅप थीमने एका क्लिकवर एक पर्याय लपवून दुसरा दाखवता येतो. एकाच थरावर खोडत-काढत गेलं की ज्याचा प्रस्ताव आधी गेला तो माणूस पुढच्या बैठकीला येत नाही, आणि त्याने काय सुचवलं होतं हेही उरत नाही.

लॅपटॉपवर दोघं बसतात. एकाच्या हातात माउस, दुसरा बाकीच्यांचं ऐकून सांगतो. माउस धरणाऱ्याने स्वतःचं मत मांडायचं नाही. मांडायचं असेल तर माउस सोडायचा. दर वीस मिनिटांनी जोडी बदलते. हा नियम कडक पाळा, कारण माउस ज्याच्या हाती त्याचा बांध नकाशावर आपोआप मोठा होत जातो.

सोबत एक निर्णय-नोंद चालू ठेवा. नेट असेल तर गुगल डॉक्स. नसेल तर लॅपटॉपवर आधीच बसवलेलं इथरपॅड चालवा: एका फोनचा हॉटस्पॉट लावा (त्यावर डेटा नसला तरी चालतं), लॅपटॉप आणि बाकीचे फोन त्याला जोडा, आणि फोनच्या ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक), कोलन (:) आणि ९००१ असं इंग्रजी आकड्यांत टाका. प्रत्येकाचं लिखाण वेगळ्या रंगात दिसतं, कोणी काय बदललं हे मागे जाऊन बघता येतं. दोन ठिकाणी अडतं. विंडोजच्या फायरवॉलने विचारल्यावर परवानगी दिली नाही तर फोनवर पान उघडतच नाही. आणि "या वाय-फायवर इंटरनेट नाही" म्हणत फोन स्वतःच मोबाइल डेटावर उडी मारतो, म्हणून जोडलेल्या फोनांचा डेटा बंद करा. बहुतेक फोनचा हॉटस्पॉट आठ-दहा जोडण्यांच्या पुढे जात नाही, तेवढ्यांनाच लिहायला द्या.

नोंद अशी: जागा, पर्याय, कोणाचा आक्षेप, कारण, ठरलं काय. "कारण" हा रकाना रिकामा ठेवू देऊ नका. दोन वर्षांनी कोणी विचारेल की बांध वर का नाही घातला, तेव्हा "वरच्या अंगाला काळी माती तीन मीटरपर्यंत, पाया बसत नाही" हे लिहिलेलं हवं.

टप्पा ९: हिशेबाचा तक्ता

तक्ता नकाशापासून वेगळा ठेवा, पण प्रत्येक ओळीत नकाशावरचा क्रमांक हवा.

नेहमीची चूक शेततळ्याची. ३० बाय ३० बाय ३ मीटरचं शेततळं म्हणजे २७०० घनमीटर असं लिहिलं जातं. बाजू उभ्या नसतात. १:१ उतार धरला तर तळ २४ बाय २४ होतो. वरचं क्षेत्र ९००, तळाचं ५७६, मधलं (२७ बाय २७) ७२९. वरचं अधिक तळाचं अधिक मधल्याची चौपट, गुणिले खोली, भागिले ६: उत्तर २१९६ घनमीटर. १५ बाय १५ बाय ३ चं ६७५ नाही, ४४१. हे सूत्र एकदा तक्त्यात घाला आणि रकाना कुलूपबंद करा.

पावसाचा हिशेब: १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर, १० हजार लिटर. त्यातलं वाहून किती जाईल हे मातीवर आणि उतारावर अवलंबून आहे, तो आकडा कृषी सहायकाबरोबर बसून ठरवा आणि तक्त्यात वेगळ्या चौकटीत उघड लिहा, सूत्राच्या पोटात लपवू नका. सातबाऱ्यावरचं क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, लोक एकरात बोलतात. १ हेक्टर म्हणजे १०० आर, १ एकर म्हणजे ४० आर धरतात. दोन्ही रकाने शेजारी ठेवा.

टप्पा १०: छपाई आणि ग्रामसभा

प्रोजेक्टरवर अवलंबून राहू नका. तालुक्याच्या फ्लेक्स दुकानातून ६ बाय ४ फुटांचा नकाशा छापा. १:२००० या प्रमाणाला १ सेंटिमीटर म्हणजे २० मीटर होतात, आणि या आकारात साधारण ३.६ बाय २.४ किलोमीटरचं शिवार मावतं. त्याहून मोठं असेल तर दोन फ्लेक्स करा, प्रमाण लहान करू नका, कारण मग धुरे ओळखू येत नाहीत. चित्र १०० डीपीआयवर काढलं तरी ७२०० बाय ४८०० बिंदूंचं होतं, ते पुरतं. दुकानदाराला सांगा की "बसवायला" ताणू नको, नाहीतर प्रमाण बिघडतं. म्हणून नकाशावर आकड्यांतलं प्रमाण नको, पट्टीचं प्रमाण छापा. ताणला गेला तर पट्टीही ताणली जाते.

फ्लेक्स ग्रामसभेच्या आठ दिवस आधी लावा: चावडीवर, आणि दुसरी प्रत हातपंपाजवळ किंवा बाया जमतात तिथे. शेजारी दोरीला बांधलेला मार्कर. लोकांनी लिहिलेलं सगळं फोटो काढून मूळ फाइलमध्ये "आक्षेप" नावाच्या थरात घ्या, मगच ठरावाची प्रत बनवा. ठरावाला पीडीएफ जोडा, मूळ प्रकल्पाची फाइल नाही. पीडीएफ उघडायला काही लागत नाही आणि ती नकळत बदलत नाही.

सातबाऱ्यावरची नावं, लोकांचे फोटो, वनहक्काच्या जंगलातल्या मधाच्या किंवा औषधी झाडांच्या जागा छापायच्या प्रतीतून काढा. पांदणी, नाले, शाळा, तलाव ओपनस्ट्रीटमॅपवर जरूर टाका, पण स्वतः फिरून घेतलेल्या नोंदींवरून. गुगल मॅपवरून उतरवून तिथे टाकायला परवानगी नाही.

टप्पा ११: जतन आणि हवाली करणं

तीन प्रती: राखणदाराचा लॅपटॉप, ग्रामपंचायतीतली पेन ड्राइव्ह, आणि ड्राइव्हवरची प्रत. सोबत एका पानाचा कागद, त्यावर पट्टा ४३ की ४४, क्यूजीआयएसची आवृत्ती, थरांची नावं, शब्दांची यादी, आणि ड्राइव्हचं खातं कोणाच्या नावे आहे. खातं खासगी माणसाच्या नावावर असेल तर ते आधी बदला.

मग दुसऱ्या जोडीदाराला, पहिला समोर नसताना, फक्त पेन ड्राइव्ह आणि तो कागद देऊन नकाशा उघडायला लावा. त्याने एक नवीन विहीर टाकावी, फोटो जोडावा, पीडीएफ काढावी. जिथे तो अडेल ती ओळ कागदावर कमी आहे, ती लिहा आणि पुन्हा करून बघा.

जुलै-ऑगस्टमध्ये, दोन-तीन जोरदार पाऊस झाल्यावर, फक्त नाल्यांची फेरी काढा. पाणी कुठून वळलं, कुठे साचलं, कोणता धुरा फुटला एवढंच नोंदवा, वेगळ्या थरात, त्या वर्षाच्या नावाने. फेब्रुवारीत काढलेल्या रेघा त्यावर ठेवून बघा, आणि जिथे दोन्ही जुळत नाहीत तिथलं काम सुरू होण्याआधी आखणी बदला.